19 फुटी केबिन बोट आणि 60 एचपी आउटबोर्ड: एका हंगामाच्या वापरानंतर

बेळगावात राहून दोघांनीच किनाऱ्याकिनाऱ्याने फिरायचं, तर बोट समुद्रावर न ठेवता घरी आणणं परवडतं. आमचा संच असा: 19 फुटी फायबरची छोटी केबिन बोट, 60 एचपीचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन), 100 लिटरची टाकी, गॅल्वनाइज्ड ट्रेलर. ऑक्टोबर ते मे वापरल्यानंतरचं मत स्पष्ट आहे. इंजिनाने कुठे दगा दिला नाही. लक्ष मागितलं ते ट्रेलरने आणि वायरिंगने, आणि विक्रेते नेमकं याच दोन गोष्टींवर काही बोलत नाहीत.

जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरताना ब्रेक तापतात, त्यांच्याबरोबर चाकांचे हब, म्हणजे बेअरिंग असलेले मधले तुंबेही तापतात. तापलेला हब तसाच रॅम्पवरून (बोट पाण्यात उतरवायच्या उतारावरून) खाऱ्या पाण्यात गेला की आतली हवा एकदम आकसते आणि सीलमधून पाणी आत खेचलं जातं. ग्रीस पांढरं पडतं, बोट अंगणात उभी असताना बेअरिंग गंजतं आणि पुढच्या खेपेला घाटातच चाक घरघरायला लागतं. म्हणून घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचा. रॅम्पवर पोचल्यावर हबला हात लावून बघायचा; कोमट लागला तरी थांबायचं. अर्धा तास पुरतो. बेअरिंग, सील आणि ग्रीसचा एक जादा संच गाडीत हवाच. बेळगावकरांचं नशीब हे, की उद्यमबागेच्या कारखान्यांत मापाने बुश टर्न करून मिळतो. नट-बोल्ट घेताना मात्र 316 प्रतीचं स्टेनलेस स्टील आहे का ते विचारून घ्या. 304 वर खाऱ्या हवेत तांबूस डाग चढतात.

वायरिंगचं दुखणं वेगळं. बोटीबरोबर आलेली वायर साध्या तांब्याची होती. असल्या वायरीत खारट ओल आवरणाच्या आतून वर चढते, तार काळी पडते आणि बिल्ज पंप (बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी उपसणारा) ऐन वेळी मंद फिरतो. कलई केलेली तांब्याची वायर, दाबून बसवलेले (क्रिंप) जोड, वरून गोंदाची हीट-श्रिंक नळी आणि बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज, एवढं पहिल्याच महिन्यात करून घ्यावं.

इंधनाचा हिशोब: शांत पाण्यात 4,000 आरपीएमला 14 नॉट (ताशी 14 सागरी मैल) मिळतात आणि ताशी 11 लिटर पेट्रोल लागतं. मुरगाव ते कारवार सुमारे 40 सागरी मैल, म्हणजे तीन तास आणि 33 लिटर. एक तृतीयांश जायला, तेवढंच यायला, तेवढंच हाताशी. टाकी बरोबर पुरते. पण परतीचा प्रवास उत्तरेकडे असतो आणि दुपारनंतर वायव्येचा खारा वारा तोंडावर येतो. लाटांवर आपटत 8 नॉटच्या वर जाता येत नाही, मैलामागे पेट्रोल वाढतं. परतीला पहाटेच निघावं, जमिनीकडून येणारा मतलई वारा असेपर्यंत. पेट्रोलमधलं इथेनॉल ओल शोषतं, पाणी तळाला बसतं. पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरची वाटी दर फेरीनंतर रिकामी करा.

इंजिनाला प्रत्येक वेळी दहा-पंधरा मिनिटं गोडं पाणी द्या. पाणी जोडल्याशिवाय सुरू करू नका, कोरडं फिरलं तर इंपेलर (थंड करणारं पाणी खेचणारं रबरी चाक) काही सेकंदांत जातो. गिअर ऑइल दुधाळ दिसलं तर आधी पंखा (प्रोपेलर) काढून शाफ्ट बघा: तिथे मासेमारीचा बारीक दोर गुंडाळला जातो आणि सील कापतो. आमच्या किनाऱ्यावर जाळी इतकी असतात की हे दर महिन्याला बघावं. त्याच कारणाने रात्री चालवू नये.

नांगराच्या दोराचं गणित बायको-नवरा दोघांनाही तोंडपाठ हवं. ओहोटीला 4 मीटर पाणी, उधाणाची भरती 2 मीटर, नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, उंची 1 मीटर: एकूण 7, त्याच्या पाचपट, म्हणजे 35 मीटर सोडायचा. पैकी पहिले 6 मीटर साखळी. साखळी नसेल तर नांगर वाळूत रुतत नाही, नुसता घसरतो. दोर सोडताना इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू जात नाही, हाताच्या खुणा आधी ठरवा. इंजिन बंद करायची दोरी जो सुकाणूवर असेल त्याच्या मनगटाला, आणि दुसऱ्यालाही बोट किनाऱ्याला आणता आली पाहिजे. एकच जण चालवणार असेल तर ही बोट घेऊ नये.

कारवारला अंजदीव बेट नौदलाकडे आहे, लांबून जा. काळी नदीवरचा जुना पूल ऑगस्ट 2024 मध्ये कोसळला; सदाशिवगडाखालून आत शिरताना जुन्या नकाशावर विसंबू नका, तिथल्या मच्छिमारांना विचारा. तटरक्षक दलाचा फोन नंबर 1554 आणि व्हीएचएफ रेडिओवरचं संकटासाठीचं 16 नंबरचं चॅनल केबिनमध्ये मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा.

मेअखेर बोट वर आणल्यावर इंजिन उभंच ठेवा, म्हणजे आतलं पाणी निथळतं. बेळगाव-खानापूरच्या पावसात घट्ट प्लास्टिक गुंडाळलं की केबिनला बुरशी येते. वर पत्र्याची शेड, बाजू उघड्या, बिल्जचं बूच काढलेलं आणि बॅटरी घरात.