वसतिगृह, पार्टनरची खोली की एसटीचा पास?

बारावीचा निकाल लागला की दारव्हा, आर्णी, घाटंजीकडची पोरंपोरी यवतमाळच्या कॉलेजांकडे निघतात आणि घरोघरी एकच हिशेब सुरू होतो: राहायचं कुठं? सरकारी वसतिगृह, दोघातिघांत मिळून भाड्याची खोली, नाहीतर रोजचं अप-डाऊन.

अप-डाऊनचं आधी उरकून टाकू. एसटीच्या पासवर विद्यार्थ्याला 66.67 टक्के सवलत, म्हणजे तिकिटाचा तिसरा हिस्साच भरायचा. मुलींना बारावीपर्यंत तर पास मोफत. पैशात याहून स्वस्त काही नाही. पण प्रॅक्टिकल लांबलं आणि गावाची शेवटची गाडी गेली, की स्टँडवर कुणाची तरी मोटरसायकल शोधत बसायचं. गाव हमरस्त्यावर आणि पंचवीसेक किलोमीटरच्या आत असेल, तरच हा विचार करा.

समाजकल्याणचं वसतिगृह मिळत असेल तर मात्र मागंपुढं पाहू नका. राहणं-जेवण मोफत, वरून निर्वाह भत्ता. जेवणाबद्दल कुरकुर असते आणि ती बऱ्याचदा खरीही असते. तरीही घ्या, कारण महिन्याच्या महिन्याला घरून पैसे मागवायची पाळी येत नाही. दुसरं कारण कुठल्याच माहितीपत्रकात सापडणार नाही. खोली पाहायला गेलं की अनेक मालक भाडं सांगण्याआधी आडनाव विचारतात. वसतिगृहात ती झडती नाही. अडचण एवढीच की जागा मोजक्या आणि प्रवेश गुणांवर.

नंबर लागला नाही, तर खोली. त्यासाठीच 2016-17 पासून अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांना स्वयम्, आणि अलीकडे ओबीसी, भटक्या-विमुक्तांच्या मुलांना सावित्रीबाई फुले आधार योजना. स्वाधारचंच बघा: नागपूरला वर्षाला 60,000 रुपये, अमरावती-अकोल्यासारख्या महापालिकांत 51,000, यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी 43,000. या 43,000 मध्ये जेवणाचे 25,000, राहण्याचे 12,000 आणि निर्वाहाचे 6,000. कॉलेजचे दहा महिने धरले तर खोलीसाठी महिना 1,200 पडतात. एकट्याला एवढ्यात काय मिळणार? तिघांचे मिळून 3,600 होतात, तेव्हा कुठं मालकाशी बोलता येतं. सरकारनं तसं कुठं लिहिलेलं नाही, पण रकमेचा आकडाच सांगतो की पार्टनर शोधा.

खरी अडचण आकड्यात नाही, तारखेत आहे. खोलीची अनामत आणि पहिलं भाडं लागतं जून-जुलैत. त्या वेळी घरातला पैसा बियाण्या-खतात गेलेला असतो आणि कापूस घरात यायला दसरा-दिवाळी उजाडते. योजनेचे पैसे अर्जाची छाननी झाल्यावर थेट खात्यात येतात, बहुतेकदा बरेच महिने भाडं भरून झाल्यावर. म्हणून खोली घ्यायची तर निदान सहा महिन्यांचं भाडं घरून निघेल का, हे आधी बघा. निघत नसेल तर दिवाळीपर्यंत अप-डाऊन करून मग खोली घेतलेली बरी, सावकाराकडून उचल घेऊन नको.

पार्टनर गावचाच असावा असं आईबापांना वाटतं. मला त्यापेक्षा त्याचा वसतिगृहाचा अर्ज कुठवर आलाय हे महत्त्वाचं वाटतं. प्रतीक्षा यादीतल्या पोराचा सप्टेंबरात नंबर लागला की तो जातो आणि 3,600 दोघांच्या डोक्यावर येतात. हे आधीच बोलून ठेवा. करारात तिघांचीही नावं घाला, कारण अर्जासोबत राहण्याचा पुरावा प्रत्येकाला लागतो आणि एकाच्याच नावाची भाडेचिठ्ठी बाकी दोघांच्या कामाची नाही. मालक म्हणतील, ‘कागद कशाले पायजे?’ तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि ती जबाबदारी मालकाचीच आहे. भांडू नका, पण माहीत असू द्या.

आणि वसतिगृहाचा अर्ज तरीही भराच. एकाच वेळी दोन्ही लाभ मिळत नाहीत, पण स्वाधार मुळात ज्यांना वसतिगृहात जागा मिळाली नाही त्यांच्यासाठी आहे. हजेरी 75 टक्के ठेवावी लागते, त्यामुळं कापूस वेचायला पोराला आठ-आठ दिवस गावी बोलावून घेणं महागात पडेल.

एप्रिल-मेचं भाडं खोली घेतानाच ठरवा. गादी, सायकल आणि पुस्तकं ठेवायची तर अर्ध्या भाड्यावर मालक सहसा तयार होतात. परीक्षा संपल्यावर विचारलं तर होत नाहीत.