स्वीनेसुंदच्या पुलापलीकडचं लोणी : नूर्बी शॉपिंग सेंटरचा अनुभव

दिवाळीच्या तीन आठवडे आधी आमच्या घरी लोणी आणायला जायचा शनिवार ठरतो. ओस्लोत लोणी मिळत नाही असं नाही, चांगलं मिळतं. पण बेसनाचे लाडू, अनारसे आणि वर्षभराचं वरणभाताचं तूप एवढं सगळं काढायचं म्हणजे आठ-दहा किलो लोणी कढवावं लागतं, आणि इथल्या भावाने ते जमत नाही. मग ई-६ महामार्गाने दक्षिणेला दीड तास गाडी हाकायची, स्वीनेसुंदचा पूल ओलांडायचा, की स्वीडन. पुलापासून काही मिनिटांवर नूर्बी शॉपिंग सेंटर आहे. अशा फेरीला नॉर्वेत ‘हॅरीटूर’ म्हणतात, जरा नाक मुरडून. मला त्या शब्दाचं वाईट वाटत नाही. घरखर्च बघणाऱ्या बाईने स्वस्त दुकान शोधलं तर त्यात हिणवण्यासारखं काय आहे?

आधी दुकानाबद्दल. पार्किंग भरपूर आणि फुकट. शंभरेक दुकानं एका छताखाली आहेत, पण आपल्याला काम दोन-तीन ठिकाणीच असतं. किराण्याच्या मोठ्या दुकानात दुधाच्या पदार्थांची भिंतच्या भिंत आहे. लोण्याचे अर्ध्या किलोचे विटेसारखे पुडे मिळतात. घेताना त्यावर ‘ओसाल्तात’ म्हणजे बिनमिठाचं लिहिलेलं बघूनच घ्या, कारण तिथे खारवलेल्या लोण्याचे दोन प्रकार शेजारीच मांडलेले असतात आणि पुड्यांचे रंग जवळजवळ सारखे. खारवलेलं लोणी कढवलं तर मीठ बेरीत उतरतं आणि ती बेरी तोंडात घालवत नाही. बिनमिठाच्या लोण्याचं तूप मात्र रवाळ होतं, सोनेरी, आणि बेरीला तो घरचा खमंग वास येतो. तुपाच्या बाबतीत मी हट्टी आहे, तरी या लोण्याला मी पूर्ण गुण देते.

चीज स्वस्त, मांस स्वस्त, सुट्ट्या गोळ्या-चॉकलेटांचं दुकान एवढं मोठं की लेकीला तिथून बाहेर काढायला अर्धा तास लागतो. नॉर्वेजियन क्रोनर चालतात, बोलणंही नॉर्वेजियनमध्ये चालतं. गंमत म्हणजे हे सेंटर आहे स्वीडनच्या जमिनीवर, पण मालकी ओस्लोच्या थोन उद्योगसमूहाची. ईस्टरच्या आधीचा गुरुवार टाळा. त्या दिवशी नॉर्वेत सुट्टी आणि स्वीडनमध्ये नाही, त्यामुळे अर्धं ओस्लो तिथे लोटतं. एका वर्षी आम्ही एका खासगी बसने गेलो होतो. परतीची बस पाऊण तास आलीच नाही आणि पिशव्यांतलं लोणी मऊ पडायला लागलं. तेव्हापासून स्वतःच्या गाडीने जातो आणि शीतपेटी सोबत ठेवतो. परत येताना कस्टमचा नियम लक्षात असू द्या : मांस आणि चीज मिळून माणशी १० किलो, आणि बटाटे अजिबात नाहीत. एक किलोसुद्धा नाहीत.

या कस्टमच्या चौकीपाशीच माझ्या मनात दरवेळी एक प्रश्न येतो. नॉर्वे आणि स्वीडन दोघंही शेंगेनमध्ये आहेत, पासपोर्ट कोणी बघत नाही. नॉर्वे युरोपीय आर्थिक क्षेत्रात १९९४ पासून आहे, म्हणजे माणसं, भांडवल, कारखान्याचा बहुतेक माल मोकळा फिरतो. पण शेती आणि मासेमारी त्या कराराच्या बाहेर ठेवली आहे आणि युरोपीय संघाच्या कस्टम युनियनमध्ये, म्हणजे आपसात आयातकर न लावणाऱ्या देशांच्या गटात, नॉर्वे नाही. म्हणून लोण्याच्या पुड्याला सीमा आहे, मला नाही. मग हा देश युरोपीय संघात का जात नाही?

मी २०१० साली इथे आले. पुढच्याच वर्षी, २०११ च्या डिसेंबरमध्ये, दुकानांतलं लोणी संपलं. खरंच संपलं. पावसाळी उन्हाळ्यामुळे चारा हलका निघाला, दूध कमी पडलं, त्यातच कमी पिठूळ आणि जास्त स्निग्ध खायचं खूळ देशभर पसरलेलं. बाहेरचं लोणी आणायचं तर आयातकर एवढा की कोणी आणेना. शेवटी सरकारने तो थोड्या दिवसांसाठी उतरवला. ऐन नाताळात बिस्किटं भाजायला लोणी नाही, म्हणून लोक स्वीनेसुंद पार करत होते. मी फोनवर आईला हे सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. “अगं, एवढ्या श्रीमंत देशात लोणी नाही?”

आई असं म्हणाली, कारण आमचं घरच दुधावर चाललेलं. कोल्हापूरजवळच्या गावात आमच्या दोन म्हशी होत्या. पहाटे आणि संध्याकाळी किटली घेऊन संस्थेत दूध घालायला मी जायची. फॅट कमी लागली की घरी बाबांचा चेहरा उतरायचा. दर दहा दिवसांनी येणाऱ्या बिलावर किराणा, शाळा, औषधं सगळं चालायचं. त्यामुळे नूर्बीत ते स्वस्त पुडे ट्रॉलीत टाकताना मला पलीकडचा नॉर्वेजियन गोठा दिसतोच. इथली ‘तीने’ नावाची दूधकंपनीसुद्धा शेतकऱ्यांची सहकारी संस्था आहे, आपल्या दूध संघांसारखी. आयातकराच्या भिंतीआड ती उभी आहे. २०१३ मध्ये कडक चीजवरचा कर २७७ टक्के झाला. आकडा वाचून डोळे फिरतात, पण थंडीत सहा-सात महिने गाई गोठ्यात ठेवाव्या लागणाऱ्या, जेमतेम ३ टक्के जमीन कसता येणाऱ्या देशाला सखल डेन्मार्कशी भावात झुंजायचं तर दुसरं काय करणार? आपणही तेच करतो. नॉर्वे, स्वित्झर्लंड, आइसलँड, लिख्टेनश्टाइन यांच्याशी भारताचा जो व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ ला लागू झाला, त्यात भारताने दुग्धपदार्थ सवलतींच्या बाहेर ठेवले. ते वाचून मला बरं वाटलं होतं. बाबांच्या किटलीची काळजी कोणीतरी केली असं वाटलं.

आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक सत्तरी ओलांडलेल्या बाई राहतात, मूळच्या उत्तरेच्या सेन्या बेटावरच्या. युरोपात सामील व्हायचं का यावर १९७२ आणि १९९४ मध्ये सार्वमत झालं, दोन्ही वेळा त्यांनी ‘नाही’ म्हटलं. पहिल्यांदा देशाने ५३.५ टक्क्यांनी नकार दिला, दुसऱ्यांदा ५२.२. पंधरा दिवस आधी स्वीडनने जवळजवळ तेवढ्याच काठाने होकार दिला होता. ओस्लोत तेव्हा तिघांतले दोघे ‘हो’ म्हणाले होते. उत्तरेच्या फिनमार्कमध्ये चौघांतले तिघे ‘नाही’. मी त्यांना एकदा विचारलं, नकार लोण्यासाठी होता का? त्या म्हणाल्या, “आधी माशासाठी. आणि त्याहून आधी त्या शब्दासाठी. युनियन हा शब्द आमच्या घरी चांगला नव्हता.” चारशे वर्षं नॉर्वे डेन्मार्कच्या हाताखाली होता, मग १८१४ ते १९०५ स्वीडनबरोबरच्या युनियनमध्ये. स्वीनेसुंदचा नवा पूल २००५ च्या जूनमध्ये, त्या फारकतीच्या शताब्दीला, दोन देशांनी मिळून खुला केला. तो ओलांडताना मी आता एवढं तरी आठवते की या माणसांना स्वतःचं राज्य मिळून फार पिढ्या झालेल्या नाहीत.

तरीही मला वाटतं, नॉर्वेने संघात जावं. या मतापर्यंत यायला मला बरीच वर्षं लागली, आणि तिथपर्यंत आणलं ते लोण्यानेच. भिंत असून गोठे वाचले का? १९९९ साली नॉर्वेत सुमारे ७० हजार शेतं होती; २०२० मध्ये ३९ हजारांच्याही आत आली. फिनलंडमध्ये संघात जाऊन शेतं निम्म्यावर आली हे खरं आहे, पण बाहेर राहूनही तेच झालं. उलट स्वीडन आणि फिनलंडने आत जाताना करारात लिहून घेतलं की ६२ अक्षांशाच्या उत्तरेकडच्या शेतकऱ्याला सरकार आपल्या तिजोरीतून कायम मदत देऊ शकेल. म्हणजे घासाघीस करता येते. फक्त त्यासाठी टेबलाशी बसावं लागतं.

आणि नॉर्वे टेबलाशी नाही. २०१२ च्या सरकारी समितीनेच लिहिलं की संघाच्या नियमांपैकी सुमारे तीन चतुर्थांश नॉर्वे लागू करतो, मत न देता. पूर्वी ब्रसेल्सहून, म्हणजे संघाच्या मुख्यालयातून, फॅक्सवर नियम यायचे म्हणून लोक याला ‘फॅक्स लोकशाही’ म्हणायचे. जानेवारी २०२५ मध्ये संघाच्या ऊर्जानियमांवरून इथलं आघाडी सरकार फुटलं. जे नियम बनवताना नॉर्वेला मतच नव्हतं, त्यांवरून. नोव्हेंबर २०२५ मध्ये संघाने लोहमिश्रधातूंच्या आयातीवर बंधनं घातली आणि नॉर्वेलाही त्यातून सोडलं नाही. तीस वर्षांचा करार असूनही. संस्थेच्या सभेला बाबा एक वेळ भाकरी सोडून जायचे, कारण दुधाचा दर तिथे ठरायचा. बाहेर उभं राहून दर ऐकायचा आणि बिल घेऊन घरी यायचं, हे त्यांना कधी चाललं नसतं.

मासळीचंही तसंच. नूर्बीच्या त्याच दुकानात मी धुरी दिलेला सॅमन घेतला. मासा नॉर्वेचा, धुरी पोलंडमध्ये दिलेली. नॉर्वेचा ताजा सॅमन संघात २ टक्के करावर जातो, धुरी दिलेला १३ टक्क्यांवर. मग धुरीचं काम, त्यातला रोजगार, पोलंडला जातो. सेन्याच्या बाईंना हे सांगितलं तर त्या बराच वेळ गप्प होत्या. नंतर म्हणाल्या, “ते खरं आहे. पण समुद्रात कोणी किती धरायचं ते ब्रसेल्सने ठरवायचं का?” याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. मासे वाटून घ्यायची संघाची पद्धत किनाऱ्यावरच्या लहान होडीवाल्याला परवडेल अशी करून घेणं, हीच नॉर्वेची सगळ्यात अवघड घासाघीस ठरेल.

मला यात मतदानाचा हक्क नाही. पासपोर्ट भारताचा आहे आणि तो सोडायचा नाही, त्यामुळे मी इथे नगरपालिकेला मत देते, सार्वमताला देऊ शकणार नाही. लेक देऊ शकेल.

नूर्बीला पाचपैकी चार तारे. एक तारा कापला तो गर्दीसाठी आणि शीतपेटीशिवाय लोणी नेणाऱ्यांची काहीच सोय नाही यासाठी. दाराशी बर्फ विकत मिळाला असता तर बरं झालं असतं. मार्च २०२० मध्ये सीमा बंद झाली तेव्हा हेच सेंटर ओस पडलं होतं, शेजारच्या स्ट्रोमस्टाडमध्ये किती जणांचं काम गेलं. ते पुन्हा भरलेलं बघून आनंद होतो. शनिवारी सकाळी दहाच्या आत पोचा.

निघण्याआधी मी शेजारच्या बाईंना दरवेळी विचारते, काही आणू का. लोणी, चीज त्या कधीच सांगत नाहीत. याही वेळी फक्त कॉफी सांगितली, दोन पाकिटं. ती नॉर्वेत पिकत नाही, म्हणाल्या.