स्लॅब गळला, तरी ठेकेदाराचे पैसे द्यायचे का? आठ महिन्यांनंतर

आर्वीजवळच्या आमच्या गावात मे महिन्यात घराचा स्लॅब टाकला. ६५० चौरस फूट, ३०० रुपये फुटानं मजुरी, सामान आमचं. १,९५,००० पैकी दीड लाख दिले होते. उरलेल्या ४५ हजारांवर सगळं रामायण घडलं.

पहिल्याच पावसात जिन्याकडच्या भिंतीला ओल उतरली. ठेकेदार म्हणाला, "काई नाई होत भाऊ, नवा स्लॅब थोडा पाझरतेच." उघडीप मिळाल्यावर त्याला गच्चीवर नेलं आणि त्याच्यासमोर बादलीभर पाणी ओतलं. पाणी पाइपाकडे जायचं सोडून जिन्याच्या कोपऱ्यात जाऊन बसलं. पाइपाचं तोंड गच्चीपेक्षा बोटभर वर! आठ दिवसांत येतो म्हणाला, तो पोळ्याच्या आदल्या दिवशी आला. तोही पैसे मागायला.

बारीक भेगा मात्र मी त्याच्या माथी मारल्या नाहीत. पीपीसी, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटला, त्यातही मेच्या उन्हात, किमान दहा दिवस पाणी लागतं. तराई, म्हणजे स्लॅबवर पाणी मारायचं काम, आमच्याकडे होती आणि आमची बोअर सहाव्या दिवशीच आटली.

गावात सल्ला एकच, छदाम देऊ नको. वकील म्हणाले, त्याच छताखाली राहता, मग झालेल्या कामाचे पैसे बुडवता येत नाहीत. पण खराब कामामुळे झालेलं नुकसान १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७३ खाली मागता येतं. मजुरीनं घर बांधून देणं ही ग्राहक कायद्यात सेवाच. वर्ध्याच्या जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, कामाचे दिलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर फी नाही.

तेवढी वेळ आली नाही. फोटो जोडून रजिस्टर्ड पत्र पाठवलं: पंधरा दिवसांत दुरुस्त करा, नाहीतर दुसऱ्याकडून करून खर्च कापून घेईन. उत्तर नाही. दुसऱ्या मिस्त्रीनं पाइप खाली घेतला, विटांच्या तुकड्यांचा कोबा करून उतार दिला. ३२ हजार लागले. ते बिल आणि १३ हजारांचा चेक ठेकेदाराच्या हातात दिला. कुरकुरला, पण 'हिशेब पूर्ण' लिहून सही केली. आमचा करार म्हणजे डायरीचं एक पान. त्यात शेवटचा हप्ता पावसाळ्यानंतर, एवढं लिहायचं मलाच सुचलं नव्हतं.

परतीच्या पावसात कोपरा कोरडा राहिला. भिंतीचे पोपडे अजून तसेच आहेत, ते उन्हाळ्यात काढू.