कॅम्परमागे दुसरा ट्रेलर: '५,००० पौंड'च्या स्टिकरवर विश्वास ठेवला आणि फसलो

आमच्याकडे कोल्हापूर भागात ऊस वाहणारे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढतात. लहानपणापासून ते बघितलेलं. त्यामुळे इथे टेक्सासमध्ये जुना फिफ्थ-व्हील कॅम्पर (पिकअपच्या हौद्यात अडकवून ओढायचं चाकांवरचं घर) घेताना सेल्समन म्हणाला, "याच्यामागे तुमचा बोटीचा ट्रेलरही जोडून देतो, सगळ्या राज्यांत चालतं," तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान बघून पुढे सिएटलला धाकट्या भावाकडे जायचं, बोट सोबत न्यायची, असं मुलांना कबूल करून बसलो होतो.

फिफ्थ-व्हीलची किंगपिन, म्हणजे त्याच्या पुढच्या टोकाची जोडखीळ, पिकअपच्या हौद्यात, मागच्या अ‍ॅक्सलच्या वर अडकते. कॅम्परच्या शेपटाला रिसीव्हर (मागचा ट्रेलर अडकवायचा लोखंडी जोड) बसवायचे त्यांनी १,४०० डॉलर वेगळे घेतले. गाडी ताब्यात घेताना सगळं काळ्या रंगात चकचकीत होतं आणि रिसीव्हरवर '५,००० पौंड'चं स्टिकर होतं. माझा ट्रेलर बोटीसकट २,८०० पौंडांचा. बायको म्हणाली, "एकदा खाली वाकून बघ ना." मी बघितलं नाही.

पहिल्याच चाचणीत ताशी ५० मैलांवर बोट डावी-उजवीकडे झोके खायला लागली. मागच्या सीटवर दोन्ही मुलं होती. हळूहळू वेग कमी करत कडेला थांबलो, तरी हाताची थरथर थांबेना.

शेजारचे काका पूर्वी वेल्डर होते. ते टॉर्च घेऊन कॅम्परखाली शिरले आणि मला हाक मारली. रिसीव्हर चॅसीच्या फ्रेमला (खालच्या मुख्य सांगाड्याला) नव्हे, बंपरला वेल्ड केलेला होता. हा बंपर म्हणजे चार इंची पोकळ चौकोनी नळी, पातळ पत्र्याची. लोक त्यात सांडपाण्याचा पाइप ठेवतात. वेल्डच्या टोकाला रंगाखाली केसाएवढी चीर गेली होती. स्टिकर खोटं नव्हतं, पण ते फक्त रिसीव्हरच्या लोखंडापुरतं होतं. तो ज्याला चिकटवलाय ते किती पेलेल, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. फ्रेम बनवणाऱ्यांना विचारलं. त्यांचं लेखी उत्तर आलं की या फ्रेममागे काहीही ओढायला आमची परवानगी नाही, ओढलं तर वॉरंटी संपली.

वजनाचं गणित तर मला कुणी सांगितलंच नव्हतं. बोटीचा ट्रेलर जोडावर साधारण ३०० पौंड भार टाकतो. हा जोड कॅम्परच्या चाकांपासून १० फूट मागे, किंगपिन २० फूट पुढे. म्हणजे मागे ३०० दाबले की पुढे किंगपिनवरचे १५० उचलले जातात आणि कॅम्परच्या चाकांवर ४५० वाढतात. पिकअपची पकड कमी होते आणि टायर जास्त तापतात.

कायद्याचंही धादांत खोटं सांगितलं होतं. टेक्सासमध्ये अशा तीन वाहनांच्या जोडणीला ६५ फुटांची मर्यादा आहे. टेप लावून मोजलं तर आमची ६८ भरली. सिएटल ज्या वॉशिंग्टन राज्यात आहे, तिथे तर पिकअपमागे कॅम्पर आणि त्यामागे बोट, अशी जोडणी चालतच नाही. म्हणजे भावाच्या घरापर्यंत आम्ही कायदेशीरपणे पोचणंच शक्य नव्हतं, आणि विकणाऱ्याला आमचा सगळा मार्ग ठाऊक होता. याचा मला सर्वांत जास्त राग आहे.

जाब विचारायला गेलो तर त्यांनी पावतीवरची बारीक ओळ दाखवली: 'ग्राहकाच्या सांगण्यावरून बसवले.' सगळीकडे चालतं, हे त्यांचं वाक्य कागदावर कुठेच नव्हतं. तुम्ही असं काही घेणार असाल तर पैसे देण्याआधी फ्रेम बनवणाऱ्याचं लेखी उत्तर मागा, स्वतः खाली झोपून वेल्ड कुठे आहे ते बघा आणि वाटेतल्या प्रत्येक राज्याचा नियम स्वतः तपासा.

टेक्सासच्या ग्राहक कायद्याप्रमाणे दाव्याआधी ६० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, ती दिली आहे. दावा २०,००० डॉलरच्या आतला असल्याने जस्टिस कोर्टात (छोट्या दाव्यांच्या कोर्टात) चालेल. काका रिसीव्हर कापून काढायला तयार आहेत, पण तो पुरावा आहे म्हणून तसाच ठेवलाय. नोटिशीचे अजून २६ दिवस बाकी आहेत. चिरेचे फोटो माझ्याकडे आहेत. कुणाला आपल्या कॅम्परशी ताडून बघायचे असतील तर जरूर मागा.