मुंबई-गोवा महामार्गाची खासगी देखभाल : एका नेहमीच्या प्रवाशाचे परीक्षण

राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या तळकोकणातील ज्या टप्प्यावरून माझी कामानिमित्त सतत ये-जा असते, तेथील चौपदरीकरण पूर्ण झाले असून देखभाल खासगी ठेकेदाराकडे आहे. ती खासगी हाती असावी की सार्वजनिक बांधकाम खात्याकडेच राहावी, हा वाद टोलनाक्याचा विषय निघाला की हमखास पेटतो. ज्या सेवेसाठी टोल मागितला जातो, ती कशी आहे हे मात्र या वादात क्वचितच कोणी तपासतो.

मुख्य रस्त्याला चांगले गुण द्यावे लागतील. काँक्रीटच्या फरशांमधील सांधे पावसाळ्यानंतर साफ करून भरले जातात, पांढरे पट्टे रात्रीही स्पष्ट दिसतात, आणि वाऱ्याने झाड आडवे झाले तर ते हटवायला पूर्वीसारखी दुपार उजाडत नाही. जुन्या दुपदरी रस्त्यावर खड्डे चुकवीत ज्यांनी गणपतीसाठी प्रवास केला आहे, त्यांना हा फरक वेगळा समजावून सांगायला नको.

खरी अडचण रस्त्याच्या कडेला आहे. डोंगर कापून रुंदीकरण केल्यामुळे जांभ्याची मोकळी झालेली तांबडी माती पहिल्या मोठ्या पावसातच गटारात उतरते, गटार तुंबते, आणि नेमके वळणावर पाणी एका मार्गिकेतून दुसऱ्या मार्गिकेत आडवे वाहू लागते. मग जेसीबी येतो, चिखल साइडपट्टीवर लोटतो आणि निघून जातो. पुढच्या सरीबरोबर तोच चिखल पुन्हा रस्त्यावर. गटार आणि मोरी मे महिन्यातच उपसली असती तर जेसीबी लागलाच नसता, पण मे महिन्यातील स्वच्छ गटाराचा फोटो कोणी काढत नाही आणि जुलैतल्या जेसीबीचा मात्र निघतो. पूर्वी खात्याचा मैलकुली फावडे-घमेले घेऊन आपल्या ठरलेल्या हद्दीत फिरत असे आणि कोणती मोरी आधी भरते हे त्याला तोंडपाठ असे. ठेकेदाराच्या माणसांना ती माहिती नाही, कारण ही माणसेच दर हंगामाला बदलतात.

तथापि, म्हणून खात्याचा काळ सोन्याचा होता असे मानण्याचे कारण नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळून दोन एसटी गाड्या वाहून गेल्या, तेव्हा तो पूल सरकारी देखरेखीखालीच होता. त्याच जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहून जून २०१७ मध्ये खुला झाला, तो ठेकेदारामार्फतच. उलट, पनवेल ते इंदापूर या सुमारे ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे काम २०११ मध्ये ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या तत्त्वावर खासगी गुंतवणुकीतून सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रखडले. एकच महामार्ग, आणि दोन्ही बाजूंना हवे ते दाखले त्यावरच सापडतात.

माझ्या मते फरक पडतो तो पैसे कशाच्या बदल्यात मिळतात यामुळे. हायब्रिड अॅन्युइटी पद्धतीत बांधकामाच्या काळात सरकार ४० टक्के रक्कम देते आणि उरलेली पुढे हप्त्यांनी मिळते, त्यामुळे रस्ता बिघडू देणे ठेकेदाराला परवडू नये अशी निदान रचना तरी असते. टोलचे हक्कच विकण्याची पद्धत वेगळी आहे. २०१८ मध्ये आंध्र प्रदेश आणि गुजरातमधील ९ रस्ते, मिळून सुमारे ६८० किलोमीटर, ९,६८१ कोटी रुपयांना ३० वर्षांसाठी दिले गेले. तिथे कमाई वाहनांच्या संख्येवर चालते. अशा कोणत्याही करारात गटाराला मुख्य रस्त्याइतकेच वजन नसेल, तर जे इथे दिसते तेच सर्वत्र दिसणार.

लहानसहान गोष्टीही नोंदवतो. दुभाजकातील कण्हेर मिडलकटपाशी, म्हणजे वळण्यासाठी सोडलेल्या मोकळ्या जागेपाशी, इतकी वाढते की पलीकडून वळणारा दुचाकीस्वार अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. सर्व्हिस रोडवरचे दिवे अनेकदा बंद असतात आणि विजेचे बिल कोणी भरायचे यावर टोलवाटोलवी चालते. १०३३ या महामार्ग मदत क्रमांकावर तक्रार नीट नोंदवून घेतात, पण ते किलोमीटर क्रमांक विचारतात आणि नेमका तो दगड रानात बुडालेला असतो. छत्री सावरीत गवत बाजूला करून मी तो वाचला आहे.

या सेवेला मी पाचपैकी तीन तारे देतो, त्यातले अडीच मुख्य रस्त्याचे. टोल द्यायला माझी हरकत नाही. मात्र करारात खड्डा, गटार, दिवा आणि झाडी यांसाठी किती मुदत ठरली आहे, आणि ती चुकल्यास ठेकेदाराच्या देयकातून किती रक्कम कापली गेली, हे दर महिन्याला नाक्यावरच्या फलकावर मराठीत लावावे. दराचा फलक लावायला जशी जागा मिळते, तशी याही फलकाला मिळेल.