मियाटा विकताना: डीलर की थेट गिऱ्हाईक?
न्यू जर्सीत जपून वापरलेली माझदा मियाटा, म्हणजे छत उघडणारी छोटी स्पोर्ट्स कार, विकायची आहे? डीलरकडे काम झटपट उरकतं. त्याच्याकडूनच दुसरी गाडी घेतलीत, तर जुनीची किंमत वजा करून उरलेल्या रकमेवरच ६.६२५ टक्के विक्रीकर लागतो. पण त्याच्या लेखी तुमची मियाटा म्हणजे फक्त वर्ष आणि मैल.

थेट येणारा शौकीन मॅन्युअल गिअर, धड कापडी छत आणि सर्व्हिसच्या पावत्या यांचे पैसे मोजतो. छताचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबल्यात का, हेही वाकून बघतो, बघू द्या. घाई नसेल तर मी थेटच विकेन, तेही एप्रिल-मेमध्ये. जानेवारीच्या बर्फात उघड्या गाडीला कोण विचारतो? टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, सही बँकेत, पैसे हाती आल्यावरच. आणि नंबरप्लेट काढून घ्यायला विसरू नका.