लाल कार्ड, दोन पेनल्टी आणि एक प्लाझ्मा टीव्ही

२१ ऑगस्ट २००४. जर्मन फुटबॉल चषकाची पहिली फेरी. बुंडेसलीगा या अव्वल श्रेणीतला हॅम्बुर्ग संघ तिसऱ्या श्रेणीतल्या पाडरबोर्नवर २-० ने पुढे होता, पण जिंकला पाडरबोर्न, ४-२ ने. मधल्या वेळात रेफरी रॉबर्ट हॉयझरने हॅम्बुर्गच्या एमपेन्झाला लाल कार्ड दाखवलं आणि पाडरबोर्नला दोन पेनल्टी बहाल केल्या. नवखा पंच, चुकला असेल, असंच बहुतेकांना वाटलं. ऑक्टोबरमध्ये हॅम्बुर्गच्या प्रशिक्षकाला नारळ मिळाला.

हॉयझर विकला गेला होता तो बर्लिनच्या एका कॅफेत. तिथे सट्टा लावणाऱ्या सापिना भावांशी उठबस वाढली आणि ओळखीचं रूपांतर व्यवहारात झालं. एकूण ६७,००० युरो आणि एक प्लाझ्मा टीव्ही, एवढीच त्याची किंमत. फुकटचं खाणंपिणं एकदा अंगवळणी पडलं की नाही म्हणायला जीभ वळत नाही.

पंच गोल मारू शकत नाही. त्याच्या हातात असते ती पेनल्टी. कॉर्नरच्या वेळी पेनल्टी क्षेत्रात ओढाओढी नेहमीचीच, त्यामुळे शिट्टी वाजवायला निमित्त हवं तेव्हा सापडतं, आणि साधारण चारपैकी तीन पेनल्टींवर गोल होतो. तरी खात्री नसतेच. म्हणून पाडरबोर्नच्या कर्णधारालाही १०,००० युरो पोचवले होते.

बिंग फोडलं ते चार सहकारी पंचांनी. हॉयझरने जानेवारी २००५ मध्ये कबुली दिली. शिक्षा झाली २ वर्षं ५ महिने. तीही फसवणुकीच्या कलमाखाली, कारण सामना फिक्स करण्याविरुद्ध जर्मनीत स्वतंत्र कायदा आला २०१७ मध्ये.

पंचगिरी करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: नकार देऊन भागत नाही. फिफाच्या नियमांनुसार कुणी गळ टाकला, तर ते लगेच कळवावं लागतं. मेसेज पुसू नका, तोच पुरावा.

आणि टेलिग्रामवर 'फिक्स मॅच' विकणारे? ते ३०० जणांना तीन गटांत वाटून विजय, बरोबरी, पराभव असे वेगवेगळे निकाल सांगतात. ज्या १०० जणांचं खरं ठरतं, त्यांच्याकडेच पुढच्या वेळी मोठी रक्कम मागतात. खरोखर सामना फिक्स करणारा ती माहिती चारचौघांत विकत नाही. जास्त लोकांनी पैसे लावले की भाव कोसळतो आणि बुकी सावध होतो.